‘आराम करा’ ही ओळ डिस्चार्ज कार्डावरून काढा : फुप्फुसाच्या जुनाट रुग्णांना ताकदीचा व्यायाम मिळावा यासाठी खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व जिल्हा शल्यचिकित्सक, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता आणि असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाचे जिल्हा पातळीवरील अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

दम वाढून दाखल झालेला रुग्ण घरी निघतो तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर पंपाचं नाव असतं, गोळ्या असतात, पुन्हा दाखवायची तारीख असते आणि खाली एक ओळ असते : आराम करा, जड काम टाळा. पाय मोडलेल्या माणसाला पुन्हा उभं कसं राहायचं ते कुणीतरी शिकवतं. फुप्फुसाच्या रुग्णाला मात्र त्या एका ओळीवर घरी पाठवलं जातं. तो ती मनापासून पाळतो, घरचेही पाळायला लावतात. आधी अंगण झाडणं थांबतं, मग दुकानापर्यंतचं चालणं, मग संडासात उकिडवं बसून उठताना भिंत धरावी लागते. पुढच्या खेपेला तो दाखल होतो तेव्हा फुप्फुस जवळपास तेवढंच असतं, पायांच्या मात्र काड्या झालेल्या असतात.

आम्ही श्वसनाच्या रुग्णांसोबत काम करणारे फिजिओथेरपिस्ट आहोत. यातला आमचा संबंध सरळ आहे. ज्या उपचाराचं शिक्षण आम्हाला मिळालं, ज्याचा उपयोग वारंवार सिद्ध झाला आणि ज्याला एक खुर्ची, दोन वजनाच्या पिशव्या आणि आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास याहून फारसं काही लागत नाही, तो उपचार रुग्णापर्यंत पोचत नाही. दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) दिनाची शिबिरं होतात, फुंकर मारून तपासणी होते. ज्यांची तपासणी सदोष निघते त्यांनी गुरुवारी सकाळी कुठे जायचं, याचं उत्तर बहुतेक जिल्ह्यांत नाही. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि सगळ्यांना वाचता येईल असं.

देशात २०१६ मध्ये सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. १९९० मध्ये हा आकडा २ कोटी ८० लाखांच्या आसपास होता. यात बिडी-सिगारेट ओढणारे आहेत, तसंच आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, कधीही बिडीला हात न लावलेल्या बायकाही आहेत, खाणीत आणि दगडफोडीवर काम केलेले मजूर आहेत. आणि ज्यांची गणनाच कुणी करत नाही असा आणखी एक मोठा गट आहे : क्षयरोगातून बरे झालेले लोक. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. औषधांचा कोर्स संपतो, थुंकी निगेटिव्ह येते, नाव रजिस्टरमधून निघतं. पण फुप्फुसावरचे व्रण तसेच राहतात आणि धापही राहते. पोषणासाठी मिळणारे महिन्याचे पैसे (आधी ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००) उपचार चालू असेपर्यंतच मिळतात. नेमकं स्नायू भरून काढायची वेळ येते तेव्हा हा माणूस कुठल्याच कार्यक्रमात बसत नाही.

धाप फुप्फुसामुळे लागते, हे खरं. पण जिन्यात अर्ध्यावर का थांबलात असं विचारलं तर कित्येक रुग्ण श्वासाआधी पाय भरून आल्याचं सांगतात. आजार स्थिर असलेल्या सीओपीडी रुग्णांत साधारण तिघांपैकी एकाच्या मांडीची ताकद वयाच्या मानाने कमी भरते, आणि आजार सौम्य असतानाही हे आढळतं. कमी झालेली हालचाल, अंगात मुरलेला दाह, ऑक्सिजनची कमतरता, स्टिरॉइडच्या गोळ्या आणि अर्धपोटी राहणं ही सगळी कारणं एकत्र येतात. मांडीतले चिवट, सावकाश थकणारे तंतू कमी होतात आणि पटकन दमणारे वाढतात. मग थोड्याशा कामातही स्नायूत लॅक्टिक आम्ल साचतं, ते निवळताना कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो आणि तो बाहेर टाकायला श्वासाची गती वाढवावी लागते. सीओपीडीत हवा बाहेर पडायलाच वेळ लागतो. गती वाढली की आधीचा श्वास पुरता बाहेर पडण्यापूर्वी पुढचा आत येतो, हवा अडकते, छाती फुगलेली राहते आणि धाप दुप्पट वाटते. रुग्ण घाबरून बसतो. बसला की पाय आणखी खंगतात.

हे चक्र पायाकडून तोडता येतं. चालण्याच्या व्यायामात मोठे स्नायू सलग काम करतात, त्यामुळे श्वासावर सतत भार पडतो. वजन उचलताना एक लहान स्नायूगट वीस-तीस सेकंद काम करतो आणि मग विश्रांती घेतो. म्हणून ज्याला दोन मिनिटंही सलग चालवत नाही त्यालाही मांडीला पुरेसा ताण देता येतो, आणि तोही कमी धापेत. स्नायू मजबूत झाला की तीच कळशी, तोच जिना त्याच्या एकूण ताकदीचा लहान हिस्सा मागतो. चालणं सोडून द्या असं आम्ही म्हणत नाही. पण जो सर्वांत अशक्त आहे त्याच्यासाठी पहिली पायरी ताकदीची असते, आणि आपल्याकडे नेमकी तीच गाळली जाते.

पुराव्याबद्दल शंका असेल तर दोनच गोष्टी नोंदवतो. फुप्फुस पुनर्वसनावरचा, म्हणजे व्यायाम आणि त्यासोबतच्या शिक्षणाच्या कार्यक्रमावरचा, कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा २०१५ चा आढावा ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्णांवर आधारलेला होता. नेहमीच्या उपचाराशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची आता गरज नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. वैद्यकात इतकी ठाम भाषा क्वचित वाचायला मिळते. दुसरी गोष्ट, अमेरिकेत सीओपीडीसाठी दाखल झालेल्या सुमारे १ लाख ९७ हजार वृद्धांच्या नोंदींचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. डिस्चार्जनंतर ९० दिवसांच्या आत पुनर्वसन सुरू करणाऱ्यांपैकी वर्षभरात ७.३ टक्के दगावले, बाकीच्यांपैकी १९.६ टक्के. सुरू करणारे मुळातच जरा धडधाकट असणार हे उघड आहे. तो फरक हिशेबात धरूनही लाभ टिकला. तिथेही वेळेत सुरुवात केलेले अवघे दीड टक्का होते, म्हणजे ही उपेक्षा फक्त आपल्याकडची नाही. पण ती इतरत्र आहे म्हणून इथे चालेल असं होत नाही.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार तीन गोळ्यांच्या यंत्राची. सीओपीडीच्या रुग्णाला ‘फिजिओथेरपी’ लिहून दिली की बहुतेकदा त्याच्या हातात ते प्लास्टिकचं यंत्र येतं. नळीतून हवा आत ओढा आणि यंत्रातल्या गोळ्या वर न्या. नाहीतर फुगे फुगवायला सांगितलं जातं. ते यंत्र मुळात शस्त्रक्रियेनंतर दबलेलं फुप्फुस उघडं राहावं म्हणून आहे. आत जोराने हवा ओढण्यावर त्याचा भर असतो, आणि सीओपीडीच्या रुग्णाची अडचण हवा बाहेर सोडण्याची असते. फुग्यात जोराने फुंकताना तर आधीच अरुंद झालेल्या नळ्या आणखी दबतात. यातल्या कशानेही मांडीत ताकद येत नाही. तरीही केसपेपरवर ‘फिजिओ दिली’ अशी नोंद होते आणि विषय मिटतो.

दुसरी तक्रार भीतीची, आणि ती आमच्याच व्यवसायावरही आहे. जिथे वजन दिलं जातं तिथे अर्ध्या किलोची पट्टी घोट्याला बांधून तीन महिने तेच वजन, तेच दहा वेळा. ज्या माणसाने हयातभर पोती उचलली त्याच्या मांडीला अर्धा किलो कळतही नाही. औषधाचा डोस कमी पडला तर आपण वाढवतो. व्यायामाचा डोस कमी पडला तर ‘व्यायामाने काही फरक पडला नाही’ असा शेरा मारतो.

तिसरी, झेरॉक्सची. बारा आकृत्यांचा धूसर कागद देऊन रुग्णाला घरी पाठवलं जातं. तो पहिल्या दिवशी उत्साहाने बाराही प्रकार करतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं, त्याला वाटतं आजार बळावला, आणि कागद पंचांगाच्या खिळ्याला लटकून राहतो. २४ ते ७२ तास राहणारं असं दुखणं नव्या व्यायामानंतर येतंच. हे आधी सांगितलं नाही आणि पहिला आठवडा हलका ठेवला नाही, तर रुग्ण गमावलाच म्हणायचं.

चौथी तक्रार आपसातल्या तुटलेपणाची आहे. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो. तिथे मान, पाठ, गुडघे, लकवा यांची रांग असते. त्याच इमारतीतल्या छातीच्या ओपीडीतून आणि क्षयरोग विभागातून तिकडे चिठ्ठीच जात नाही. कित्येकदा मधलं अंतर एका जिन्याचं असतं.

स्टिरॉइडबद्दलही सांगायला हवं. दम वाढला की रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन पाच दिवस, हा मान्य कोर्स आहे. रुग्ण मात्र तीच चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून पुन्हा पुन्हा गोळ्या घेतो, कारण बरं वाटतं. महिनोन्‌महिने असं चाललं की खुब्याजवळचे आणि मांडीचे स्नायू विरघळल्यासारखे जातात, हाडं ठिसूळ होतात. कार्डावर ‘पाच दिवसांनंतर बंद’ हे ठळक मराठीत लिहिलेलं असेल तर निम्मं काम तिथेच होईल.

व्यायाम द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते आता सविस्तर मांडतो. आपल्या विभागांना हे पान तसंच वापरता यावं अशी इच्छा आहे.

सुरुवात तपासणीने. छातीत अलीकडे वाढलेलं दुखणं, नुकताच हृदयविकाराचा झटका, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा अनियमित ठोके, थुंकीतून रक्त, नुकतंच फुप्फुसाबाहेर हवा साठल्याचं निदान, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. क्षयरोगाचा संशय असेल तर थुंकी तपासल्याशिवाय कुणालाही गटात बसवू नये. खूप वर्षं स्टिरॉइड घेतलेल्यांना वजन धरून पुढे वाकायला लावू नये, मणका दबतो. मग मोजणी. ३० मीटरचा सरळ व्हरांडा असेल तर सहा मिनिटांत किती मीटर चालणं होतं ते मोजावं. नसेल तर साधारण ४६ सेंटिमीटर उंचीच्या, हात नसलेल्या खुर्चीतून एका मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं ते मोजावं. पहिल्या चाचणीत ३० मीटरची, दुसरीत ३ वेळांची वाढ झाली तर रुग्णाला जाणवणारा फरक पडला असं धरता येतं. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकर मारून होणाऱ्या तपासणीचा, आकडा या व्यायामाने बदलत नाही. तो पाहून उपचार निकामी ठरवणं म्हणजे चष्मा लावल्यावर डोळ्याचा आकार बदलला का ते पाहण्यासारखं आहे.

सत्राच्या १५-२० मिनिटं आधी श्वासनलिका मोकळ्या करणारा पंप, शक्यतो स्पेसर (औषध नीट आत जावं म्हणून पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून. जेवणानंतर किमान तासभर जाऊ द्यावा. बोटाला ऑक्सिमीटर लावताना मेंदी, नेलपॉलिश आणि गार पडलेली बोटं यांनी आकडा चुकतो. हात चोळून गरम करून, आकडा स्थिर झाल्यावरच लिहावा. सत्रात ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेला की थांबायचं, बसायचं, आकडा वर आल्यावरच पुढे. घरी ऑक्सिजन लावलेला रुग्ण तो लावूनच व्यायाम करू शकतो, पण प्रवाह डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणेच ठेवावा. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांना जादा ऑक्सिजन घातक ठरतो.

वजन ठरवायला यंत्र लागत नाही. जे वजन नीट ढब राखून दहा वेळा उचलता येतं आणि अकरावी-बारावी वेळ जेमतेम जमते, ते वजन बरोबर. पंधरा वेळा गप्पा मारत उचललं जात असेल तर हलकं. सहाव्या वेळीच पाय थरथरला किंवा रुग्णाने श्वास कोंडला तर जड. पहिल्या आठवड्यात प्रत्येक प्रकाराचा एकच संच (म्हणजे सलग दहा-बारा वेळा), दुसऱ्यात दोन, तिसऱ्यापासून तीन. दोन संचांमध्ये दोन मिनिटं विश्रांती, आणि ती घाईने कापायची नाही. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा, असे किमान आठ आठवडे. शेवटच्या संचात बाराऐवजी चौदा वेळा जमायला लागलं, आणि हे लागोपाठ दोन सत्रांत झालं, की वजन वाढवायचं. पायाला अर्धा किलो ठीक. हाताला मात्र अर्ध्यावरून एक किलो म्हणजे थेट दुप्पट होतं. तिथे आधी पंधरा वेळांपर्यंत जावं, किंवा पाव किलोची पिशवी जोडावी.

धाप ० ते १० च्या पट्टीवर विचारावी : ० म्हणजे अजिबात नाही, ३ मध्यम, ५ जोराची, १० म्हणजे याहून जास्त सोसणार नाही. काम ४ ते ६ च्या दरम्यान चालावं. ज्यांना पट्टी वाचता येत नाही त्यांना एक लहान वाक्य बोलायला सांगावं. वाक्य दोन-तीन तुकड्यांत का होईना पुरं झालं पाहिजे. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागत असेल तर थांबवावं.

सगळ्या प्रकारांना एकच नियम : जोर लावताना ओठांचा चंबू करून श्वास बाहेर, परत येताना नाकाने आत. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो आणि चक्कर येते. सिस्टर किंवा फिजिओने मोठ्याने आकडे म्हणवून घेतले तर श्वास कोंडला जात नाही. ही युक्ती कुठल्याही उपकरणापेक्षा उपयोगी आहे.

प्रकार पाच पुरेत. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा, खुर्चीतून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवलेली, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीवर दुमडलेले. उठायला एक-दोन सेकंद, बसायला तीन. पाय पुढे ठेवले तर रुग्ण मागे कोसळतो. उठताच येत नसेल तर बसायच्या जागी चादरीच्या घट्ट घड्या घालून उंची ५ ते १० सेंटिमीटर वाढवावी आणि दर आठवड्याला एक घडी कमी करावी. सोपं झालं की छातीशी वजनाची पिशवी धरावी. संडासात उकिडवं बसून उठता यावं, हे ध्येय रुग्णाला सांगून ठेवावं. त्यासाठी तो जेवढं मन लावतो तेवढं कुठल्याही तक्त्यासाठी लावत नाही.

दुसरा, बसून घोट्याला वजन बांधून गुडघा सरळ करणं. बहुतेकांना एक ते दोन किलोपासून सुरू करता येतं. पाठ मागे टाकून पाय भिरकावला की मांडीचं काम पाठीवर जातं. तिसरा, भिंतीला हात टेकून टाचा उचलणं. सपाता काढून, आणि साडी पायात येणार नाही अशी खोचून. चौथा, रबरी पट्टा किंवा जुन्या सायकलची ट्यूब समोर बांधून बसल्या बसल्या कोपरं मागे ओढणं. पट्टा चाकाच्या कॉटला कधीही बांधू नये, कॉट सरकते. जड टेबलाचा किंवा खिडकीच्या गजाचा आधार घ्यावा. उन्हाने रबर चिरतं, म्हणून वापरण्याआधी ताणून चिरा पाहाव्यात.

पाचवा प्रकार हाताचा, आणि इथे जास्त सांभाळावं लागतं. केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना या रुग्णांना इतकी धाप का लागते? खांद्याचे आणि छातीचे जे स्नायू हात वर धरतात तेच श्वासाला मदत करत असतात. हात वर गेले की ते श्वासाचं काम सोडतात. म्हणून सुरुवातीला एकच हात, खांद्याच्या उंचीपर्यंत, दुसरा हात मांडीवर टेकलेला. वजन अर्धा किलो, किंवा अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली. दोन्ही हात डोक्यावर नेणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर.

वजनाच्या पिशव्या शिवून घेता येतात. जुन्या जीन्सचं कापड, दुहेरी शिलाई, आत धुतलेली बारीक खडी घट्ट प्लास्टिकमध्ये बांधून. कोरडी वाळू नको, शिवण उसवली की तिची धूळ थेट रुग्णाच्या नाकाशी जाते. वाण्याच्या काट्यावर वजन करून पिशवीवर आकडा रंगवावा.

उपाशी स्नायू वाढत नाहीत. अशा रुग्णांना किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ४५ किलोच्या माणसाला ५४ ते ६८ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६, पाव लिटर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम. पोटभर जेवलं की धाप लागते म्हणून हे लोक कमी खातात. त्यांना दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायला सांगणं हाही उपचाराचा भाग आहे.

एक आक्षेप आम्हीच मांडतो, कारण तो खरा आहे. इंग्लंडमध्ये ३८९ रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या साधारण निम्म्यांचं पुनर्वसन दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं होतं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार होते. त्यात पुन्हा दाखल होणं कमी झालं नाही, आणि वर्षभरातले मृत्यू व्यायामाच्या गटात जास्त निघाले. त्याचं कारण पुरतं उलगडलेलं नाही. म्हणून वॉर्डात दुसऱ्या दिवशी वजनं लावा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. वॉर्डात खुर्चीत बसवणं, उभं करणं, संडासापर्यंत चालवणं एवढंच हवं. आजार स्थिरावला, रुग्ण घरी गेला, की चार आठवड्यांच्या आत ताकदीचा कार्यक्रम सुरू व्हावा.

दुसरा आक्षेप अंतराचा. आठवड्याला दोन, असे आठ आठवडे म्हणजे सोळा फेऱ्या, एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. हे मजुराला परवडत नाही. ऑस्ट्रेलियात १६६ रुग्णांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरी एक भेट आणि नंतर दर आठवड्याला एक असे सात फोन, एवढ्यावर चालवलेला कार्यक्रम आठ आठवड्यांनी केंद्रातल्या कार्यक्रमाच्या तोडीचा ठरला. वर्षाअखेरीस मात्र दोन्हीकडचा लाभ ओसरला होता. म्हणून आठ आठवडे झाले की सोडून द्यायचं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बोलवायचं.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. डिस्चार्ज कार्डावरून ‘आराम करा, जड काम टाळा’ ही ओळ काढावी. तिथे ‘ताकदीचा व्यायाम : ठिकाण, वार, चार आठवड्यांच्या आतली तारीख, फोन’ असे रकाने छापावेत.

२. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातून दोन ठरलेल्या सकाळी श्वसन पुनर्वसनाचा वर्ग सुरू करावा, आठ रुग्णांमागे एक फिजिओथेरपिस्ट. बिनहाताच्या आठ खुर्च्या, पाव ते तीन किलोच्या पिशव्या, चार रबरी पट्टे, तीन ऑक्सिमीटर, रक्तदाबाचं यंत्र, स्पेसरसह पंप, ऑक्सिजन सिलिंडर आणि दर तीन मीटरवर रंगाच्या खुणा केलेला व्हरांडा, एवढं साहित्य पुरतं. बायकांच्या घोट्याला पट्टी बांधताना पडदा असावा आणि शक्यतो स्त्री कर्मचारी असावी.

३. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत एक प्रत्यक्ष सत्र, पिशव्यांचा जोड घरी नेण्याची सोय आणि आठ आठवडे दर आठवड्याला फोन, असा घरचा कार्यक्रम चालवावा. फोन कुणी आणि कोणत्या वारी करायचा ते नावानिशी ठरलेलं असावं, नाहीतर तो कुणीच करत नाही.

४. छातीची ओपीडी आणि क्षयरोग विभाग यांच्याकडून फिजिओथेरपी विभागाकडे जाणारी चिठ्ठी छापील असावी. क्षयरोगाचा कोर्स संपताना वजन, ऑक्सिजन आणि एका मिनिटाची उठ-बस यांची नोंद सक्तीची करावी, आणि जो कमी पडेल त्याला तिथूनच वर्गात पाठवावं.

५. फिजिओथेरपिस्टची रिकामी पदं भरावीत. आहेत त्यांना एक दिवसाचं प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यावं. ते आम्ही कोणत्याही जिल्ह्यात मोबदला न घेता द्यायला तयार आहोत.

६. सीओपीडीसाठी दाखल झालेल्या रुग्णाच्या सरकारी विमा योजनेतल्या उपचाराला सोळा सत्रांचं पुनर्वसन आणि त्याचा एसटी प्रवासखर्च जोडावा.

७. दर तीन महिन्यांनी प्रत्येक जिल्ह्याने तीन आकडे जाहीर करावेत : सीओपीडीचे किती रुग्ण घरी सोडले, किती जणांनी चार आठवड्यांत व्यायाम सुरू केला, किती जणांनी पुरा केला.

पहिल्या मागणीला निधी लागत नाही, पद लागत नाही, निविदा लागत नाही. कार्डांची पुढची छपाई होण्याआधी ती ओळ बदलावी आणि तसं आम्हाला लेखी कळवावं, ही विनंती.

आपले,
श्वसनरुग्णांसोबत काम करणारे फिजिओथेरपिस्ट